लोण्याची गाडी, दह्याची गाडी

माझ्या बापाची गाडी मी मध्यंतरी ठाण्यात हुंगली. तिला स्ट्रॉबेरीचा वास येत होता.

घोडबंदर रोडला कुठल्याशा टॉवरवाल्यांच्या क्लबहाउसात जुन्या गाड्यांचं प्रदर्शन होतं. हिरवळ प्लास्टिकची, तिच्यावर लाल गालिचा, गालिच्याभोवती मखमली दोर, आणि त्या दोराच्या आत गौरीसारखी नटवून उभी केलेली आमची लँड रोव्हर. अंगाला इतकी चकाकी की एक बाई तिच्या दारात बघून लिपस्टिक नीट करत होती. ज्या दारावर आमच्या खाणीतले गडी विड्या विझवायचे, त्याच दारात. टायरच्या खाचांनासुद्धा काळं पॉलिश. मी वाकून वाकून शोधलं, चिखलाचा कण सापडेना. एवढी स्वच्छ तर माझी भांडी नसतात. आणि आत मान घातली तर तो वास, लहान पोरांच्या तापाच्या गुलाबी औषधाला येतो ना, तसला.

"ताई, प्लीज टच करू नका," गळ्यात ओळखपत्राचा पट्टा अडकवलेली एक पोरगी म्हणाली.

"हात कुठे लावतेय गं? नाक लावतेय."

"चल आता," मागून हे म्हणाले. हे म्हणजे माझे मिस्टर. "लोक बघतायत."

"बघायलाच आलेत ना लोक."

आम्ही मात्र नुसतं बघायला आलेलो नव्हतो. आंबिवलीला आमच्या परड्यात माझ्या सासऱ्यांची गाडी उभी होती, ऑस्टिन जिप्सी. आत्ताआत्तापर्यंत पोलिसांकडे असायची ती जिप्सी नव्हे. ही लँड रोव्हरसारखीच साहेबाच्या देशातली, तिला टक्कर द्यायला म्हणूनच काढलेली. घराच्या जागेवर आता इमारत येणार. बिल्डर पत्रे ठोकायच्या आत परडं रिकामं करायचं होतं. गाडीला गिऱ्हाइकं दोन. एक निखिल, ज्यानं माझ्या भावाकडून लँड रोव्हर नेऊन तिची ही अशी बाहुली केली होती. त्याला आता जोडी पुरी करायची होती. दुसरे ठाकुर्लीचे शफीकभाई, भंगारवाले, गॅसकटरसकट. ह्यांचा कल निखिलकडे. "निदान जिवंत तरी राहील," असं ह्यांचं म्हणणं. मी म्हटलं, आधी माझ्या बापाच्या गाडीचं काय केलंय ते बघू, मग तुमच्या बापाच्या गाडीचं ठरवू.

तर बघितलं. आणि हुंगलं.

खडवलीत तिला लँड रोव्हर कुणी कधी म्हटलंच नाही. लांडोर म्हणायचे. बाबांची दगडखाण होती आणि लांडोर खाणीवरचं सगळं करायची, सुरुंग लावणं सोडून. तिचा वास मला डोळे बांधून आंबिवलीला उभं केलं असतं तरी खडवलीहून आला असता. पेट्रोल, ओलं गोणपाट, दगडाची पूड, सुरुंगाच्या दारूचा जळका धूर, बाबांचा घाम आणि खाली कुठेतरी आंबलेला पेंढा. मागच्या बाकाचा स्पंज उंदरांनी नेला तेव्हा बाबांनी तिथे भाताचा पेंढा कोंबला होता. श्रावणात तो भिजायचा, भाद्रपदात त्याला वाफ यायची. एका वर्षी त्यात अळंबी उगवली आणि आईनं ती खुडून कालवण केलं. मी खाल्लंय. तोंडाला पेट्रोलची चव होती, पण वाईट नव्हतं.

चैत्रात तिच्या बॉनेटवर आई कुरडया वाळवायची. बॉनेटवर घातलेली कुरडई दुपारी तळूनच निघायची. पौषात ती हँडल मारल्याशिवाय उठायची नाही. आधी खोकायची, मग थुंकायची, मग अख्ख्या गावाला शिव्या देत जागी व्हायची. हॉर्न असा की कसाऱ्याच्या घाटात वाजवला की माकडं झाडावरून गळायची. आणि दणके. खाली स्प्रिंग म्हणून लोखंडी कमानपाटे, बैलगाडीला बरं म्हणावं असे. त्या गाडीत बसून माणूस जिथे जायचा तिथे थोडा बुटका होऊन उतरायचा. खडवलीहून दुधाची किटली कल्याणला निघाली की तिथे झाकण उघडल्यावर वर लोणी आणि खाली ताक. गिऱ्हाइकं तक्रार करेनात, उलट लोण्यासाठी लांडोरचीच वाट बघायला लागली.

जिप्सीचं याच्या अगदी उलट. तिच्या खाली पाटेच नाहीत, रबर. प्रत्येक चाक आपापल्या रबरावर तोललेलं, एक खड्ड्यात गेलं तर बाकीच्यांना पत्ता नाही. माझ्या सासऱ्यांच्या, मामंजींच्या, आंबिवलीला वीटभट्ट्या होत्या. ते सकाळी मागच्या सीटवर दुधाला विरजण लावून गाडगं ठेवायचे आणि कसाऱ्यापर्यंत गाडी पळवायचे. तिथे उतरल्यावर दही असं लागलेलं असायचं की सुरीनं वड्या पाडा. गाडी थांबली तरच ते मोडायचं म्हणे.

आमचं लग्न कसं जमलं ते मी सांगत बसत नाही. दोन गाड्यांचं जमत नव्हतं, एवढं खरं. दसऱ्याला सोनं द्यायला एकमेकांकडे गेले की व्याही-व्याही आधी गाड्यांभोवती फिरायचे, मग घरात यायचे.

"तुमची गाडी म्हणजे झोपाळा आहे हो," बाबा जिप्सीच्या टायरवर लाथ मारून म्हणायचे. "बारशाला बरी."

"आणि तुमची म्हणजे पाटा-वरवंटा," मामंजी म्हणायचे. "आतल्या माणसाचं वाटण होतं."

"पाटा-वरवंटा गंजत नाही, व्याही."

इथे मामंजी घराकडे वळायचे. लांडोरचं अंग ॲल्युमिनियमचं, त्याला पावसाचं काही नव्हतं. जिप्सी आपादमस्तक पोलाद. दर वैशाखात मामंजी तिच्याखाली उताणे पडून पोटाला गरम डांबर फासायचे, आणि दर आश्विनात डांबराच्या आतून गंज हसत बाहेर यायचा. ओझ्यानं तिचं रबरही एका अंगाला बसलेलं, त्यामुळे उभी राहिली की कंबरेवर हात ठेवून भांडायला आलेल्या बाईसारखी दिसायची. पण दही, दही मात्र लागायचं.

आणि नदी. पावसाळ्यात काळू उतरून जायची तर लांडोरची एक पूजाच असायची. बाबा इंजिनावरचा पंख्याचा पट्टा काढून खांद्यावर टाकायचे, नाहीतर पंखा पाणी उडवतो आणि गाडी नदीतच बसकण मारते. मग पुढच्या जाळीवर गोणपाट बांधायचं. मग गाडीखाली शिरून तिच्या पोटातल्या भोकाला पितळी बूच लावायचं, म्हणजे पाणी आत शिरत नाही. पलीकडे पोचलं की पहिलं काम बूच काढायचं, नाहीतर गळलेलं तेल आत साठून क्लच घसरायला लागतो. आई काठावरून नदीला नारळ द्यायची आणि बाबा म्हणायचे, "अगं, नदीला काय देतेस, क्लचला दे." मग लांडोर पाण्यात शिरायची, आणि पाणी दुभंगायचं, आणि त्या पाण्याला एक कच्चा, हिरवा वास होता, नुकत्याच मोडलेल्या काकडीसारखा. आता काळूला कसला वास येतो ते लिहीत नाही. तुम्ही जेवत असाल.

ठाण्याला मी लांडोरच्या खाली वाकून बघितलं. बुचाला क्रोम चढवलेला आणि ते भोकात कायमचं घट्ट बसवलेलं, बिंदीसारखं.

तेवढ्यात निखिल आला. पांढरे बूट, हातात पांढरे मोजे, तोंडात साखर. पोरगा वाईट नाही. वाईट असता तर बरं झालं असतं, शिवी तरी घालता आली असती.

"काकू, कशी वाटली? इमोशनल झालात ना?"

"झाले रे. चालते कशी आता?"

"चालवत नाही आपण, काकू. ट्रेलरवर येते."

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे क्लबहाउसच्या कारंज्याकडे बघत होते. लांडोर, जिनं कसाऱ्याच्या घाटात अडकलेले ट्रक कान धरून वर ओढले, ती दुसऱ्या गाडीच्या पाठीवर बसून प्रदर्शनाला येते. घोड्याला मेण्यात बसवून शर्यतीला नेल्यासारखं.

"मग दोन्हींत भारी कुठली?" मी विचारलं. "ही की आमची जिप्सी?"

"परफॉर्मन्सला हीच. आणि आयकॉनिक. हिचे क्लब आहेत जगभर, पार्ट मिळतात. पण कलेक्टरला विचाराल, तर तुमची जिप्सी जास्त रेअर."

"का रे?"

"बहुतेक सगळ्या गंजून गेल्या ना. राहिल्यात कुठे?"

"म्हणजे जी टिकली तिला लोक ओळखतात, आणि जी सडली तिच्यासाठी जीव टाकतात?"

"टेक्निकली... हो," तो म्हणाला आणि हसला. बाबा असते तर त्यांनी त्याला हँडल मारून सुरू केला असता.

एक पोरगा लांडोरसमोर गुडघ्यावर बसून स्वतःच्याच फोनला सांगत होता, "गाइज, हे आहे खरं ऑफ-रोडिंग." त्याच्या गुडघ्याखाली गालिचा होता. शेजारच्या टेबलावर पाणीपुरीचं पाणी तीन रंगांत मांडलेलं, आणि लोक रिकामे द्रोण गाडीच्या पायरीवर ठेवून जात होते. टच करू नका म्हणणारी पोरगी ते उचलून पुसत होती. घरी येताना रिक्षात माझ्या नाकातून ती स्ट्रॉबेरी जाईना. खिडकी नाही, दार नाही, अंगावर माजिवड्याचा धूर, तरी जाईना.

"तरी ती आहे ना," हे म्हणाले. "नसण्यापेक्षा बरं."

मला तो श्रावण आठवत होता.

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून मी खडवलीला होते. सकाळीच पोटात कळा सुरू झाल्या, सुईणीनं हात टेकले, म्हणाली कल्याण गाठा. काळू फुगलेली. बाबांनी लांडोर काढली आणि तेवढ्यात दारात जिप्सी येऊन डुलत उभी राहिली. दिवस भरत आल्याचा निरोप आदल्या दिवशीच गेलेला, ही मंडळी पाणी चढायच्या आत नदी उतरून आलेली. स्टिअरिंगवर हे, शेजारी मामंजी, मागे सासूबाई, मांडीवर जुनेराचं गाठोडं.

"पोरीला त्या खडखड्यात नाय न्यायची," सासूबाईंनी उतरता उतरता सांगितलं. "रस्त्यातच सांडंल ती."

"पहिलं बाळंतपण माहेरचं," बाबा म्हणाले. "माझ्या दारातनं माझी लेक माझ्याच गाडीतनं जाणार."

"आन् वाटेत काय झाला तर? तोंड दाखवाल का कोनाला?"

"तुमचा झोपाळा नदीत अर्ध्यावर बंद पडेल, विहीणबाई. पाण्याला काय अंगाई म्हणणार?"

"रबर आहे ते," मामंजी मध्ये पडले. "रबराला पाणी लागत नाही."

"रबराला नाही, इंजिनाला लागतं."

आणि मी लांडोरच्या मडगार्डला धरून वाकलेली. दोन खानदानी माणसं माझ्या डोक्यावरून कमानपाटे आणि रबर यांच्यावर बोलतायत, पावसाची झड आडवी येतेय, आणि आई नारळ शोधतेय. तोवर मी मामंजींसमोर मान वर करून कधी बोललेली नव्हते. त्या दिवशी बोलले. "दोन्ही गाड्या चालू करा," मी म्हटलं, "नाहीतर मी चालत निघते."

मग साखळी आली. खाणीतली, हत्तीला पुरेल अशी. पुढे लांडोर, मागे जिप्सी. मामंजी आयुष्यात पहिल्यांदा लांडोरमध्ये बाबांशेजारी चढून बसले, कारण नदीचा तळ बघायला दोन डोळे जास्त हवे होते. बाबांनी पट्टा काढला, गोणपाट बांधलं, बूच लावलं, एवढ्या घाईतही क्रम चुकला नाही. जिप्सीचाही पट्टा त्यांनी स्वतःच्या हातानं काढला. मी जिप्सीच्या मागच्या सीटवर आडवी, डोकं सासूबाईंच्या मांडीत.

नदीत शिरलो तेव्हा पाणी फळीवरून आत आलं, गढूळ, थंड, बाभळीची पानं घेऊन. पुढे लांडोर आदळत होती, तिचं मागचं अंग वर उडताना दिसायचं, साखळी ताणली जायची, करकरायची, पण एक, एकसुद्धा दणका मागे आला नाही. सगळे दणके तिनं स्वतः खाल्ले आणि मला नुसतं ओढलं. जिप्सी हलत होती ती पाळणा हलतो तशी. नदीच्या मध्यावर, चारी बाजूंनी पाणी फुटत असताना, सासूबाई ओरडल्या, "थांबा." आणि पुढून बाबांचा आवाज आला, "पाण्यात थांबत नसतात."

थांबलो नाही. माणिक चालत्या गाडीत, वाहत्या पाण्यात झाली. तिचं रडणं हॉर्नपेक्षा मोठं होतं. काठावरचे बगळे उडाले ते थेट खाडीपर्यंत गेले, खोटं वाटेल तर बगळ्यांना विचारा. पलीकडे पोचल्यावर बाबा लांडोरखाली शिरले, बूच काढायला, आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. मामंजी चिखलात उभे राहून तिच्या बॉनेटवरून हात फिरवत होते, बैलावरून फिरवतात तसा. त्या दसऱ्याला जिप्सीला हार बाबांनी घातला आणि लांडोरला मामंजींनी. कुठली भारी, हा विषय पुन्हा निघाला नाही. दसरा थोडा बेचव झाला त्यामुळे.

प्रदर्शनानंतर चार दिवसांनी निखिल आंबिवलीला आला. आता जिप्सीचं सोवळं मी मिरवत नाही. आमच्या परड्यात काय होतं ते मला माहीत आहे. टपावर मांजरीची बाळंतपणं, स्टिअरिंगवर कोंबड्यांची विष्ठा वाळून तिचं सिमेंट झालेलं. खालच्या फळीला गंजानं एवढं भोक की त्यातून एरंड उगवून खिडकीतून बाहेर आलेला. चाकाच्या खड्ड्यात पाणी, पाण्यात डासांची पिल्लं, आणि वास असा की नाकानं माघार घ्यावी. माझ्या बापाच्या गाडीला स्ट्रॉबेरीचा वास, माझ्या सासऱ्यांच्या गाडीला उकिरड्याचा. कुठला जास्त घाण, मला सांगता येणार नाही.

निखिलचे डोळे मात्र भरून आले. "सीट ओरिजिनल आहे, काकू?"

मला वाटलं, हा गडी मोजे घालून फिरणारा. ह्याला थोडं सांगावं, म्हणजे आपण होऊन पळेल.

"सगळं ओरिजिनल," मी म्हटलं. "ह्या सीटवर वीटभट्टीवरच्या बायका सुकट घेऊन बसायच्या. इथे जत्रेच्या बोकडाचं रक्त सांडलं, पुसलं नाही. त्या कोपऱ्यात अख्खी वरात ओकलीय, नवरा धरून. मामंजी गेले तेव्हा पावसात तिरडी ओली होऊ नये म्हणून त्यांना इथेच आडवं ठेवलं होतं. आणि इथे, जिथे तू हात ठेवलायस ना, तिथे माझी लेक झाली. सगळं सगळं इथेच मुरलंय."

त्यानं हात काढला नाही. उलट मोजा काढला आणि उघडा हात ठेवला.

"काकू, हे सोनं आहे. स्टोरीशिवाय गाडीला काही नाही. आपण सीटला हातच नाही लावायचा. डाग तसेच ठेवू, वर काच बसवू, आतून लाइट. बाजूला बोर्ड, 'बॉर्न इन अ जिप्सी'. ओपनिंगला माणिकताईंना बोलवू. सीटशेजारी बसून फोटो. तुम्ही माइकवर हेच सांगायचं, अगदी असंच."

हे ओट्यावर बसून सुपारी कातरत होते. अडकित्ता थांबला.

"कसल्या डागांवर काच?" ह्यांनी विचारलं.

"तेच काका. बर्थचे."

हे उठून मोरीवर गेले आणि पाय धुतले, बराच वेळ, घोट्यापर्यंत. निखिल मला म्हणाला, "काकांना आवडलेलं दिसतंय."

संध्याकाळी मी माणिकला फोन केला. ती डोंबिवलीला शाळेत शिकवते.

"तुझी गाडी काचेत ठेवायचं म्हणतायत," मी सांगितलं.

"आई, मला काय विचारतेस? मला त्यातलं काही आठवत नाही."

"तरी. काय करू?"

"तू आणि बाबा बघा. पण मला कोणी त्या सीटशेजारी बसवलं ना, तर मी बोर्डावर खडूनं काय लिहीन ते मला माहीत आहे."

ह्यांनी ओट्यावरून सगळं ऐकलं. बोलले एवढंच, "शफीकभाईंचा नंबर दे."

शफीकभाई सकाळी आले. कोंबड्या हाकलल्या, एरंड उपटला, मांजरीची पिल्लं स्वतःच्या हातानं पाटीत घालून पडवीत नेऊन ठेवली, आणि कटरची गॅसची नळकांडी उतरवून घेतली. सीट बघून म्हणाले, "भाभी, याचं काही होत नाही. फेकून देऊ?"

"फेकू नका," मी म्हटलं. "मला द्या."

वरचं रेक्झिन मी सुरीनं फाडलं. आत स्पंज नव्हताच. सासूबाईंनी केव्हातरी उसवून काथ्या भरलेला, आणि टाके त्यांचेच, तिरपे, गोधडीचे. तो काथ्या मी मागच्या चुलीत घातला आणि वर न्हाण्याचं पाणी ठेवलं. काथ्या चांगला पेटला. धूर निघाला तो आधी उकिरड्याचा, मग डांबराचा, मग कोरड्या नारळाचा, आणि मग नुसता धूर. हंडा गुणगुणायला लागला.

तेवढ्यात फोन वाजला. ह्यांनी तो ओट्यावर ठेवून मोठा आवाज केला, मला ऐकू यावं म्हणून.

"काका, उद्या ट्रेलर पाठवू ना?"

"गाडी गेली हो," हे म्हणाले. आमच्या घरात थापांचं खातं माझ्याकडे आहे. हे सहसा त्यात पडत नाहीत.

"गेली? कुणी घेतली?"

"आहेत एकजण. ठाकुर्लीचे."

"कलेक्शन आहे त्यांचं?"

"मोठं. ठाण्यापासून कसाऱ्यापर्यंतच्या गाड्या आहेत त्यांच्याकडे."

मग निखिलचा आवाज, पडलेला, आणि खरं सांगते, त्यातलं दुःख नाटकी नव्हतं. "चांगल्या हातात गेली ना, काका? करणारेत का ते काही तिचं?"

परड्यात शफीकभाईंनी काळा चष्मा चढवला होता. कटरची ज्योत निळी झाली, ठिणग्या उडाल्या, आणि जिप्सीचं दार बिजागरीतून सुटून आमच्या मातीत पडलं.

"सुरुवात केलीय," हे म्हणाले, आणि फोन बंद करून माझ्यासाठी हंडा उतरवायला आले.